तीन पैशांच्या गाण्याची अडीचशे वर्षे

कारेगाव हे शिरूर तालुक्यातले, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारचे गाव. दक्षिणेकडे भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. या दोन्ही तालुक्यांत जत्रा आणि तमाशा हे शब्द निराळे काढता येत नाहीत. पाडवा जवळ आला की नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे जाऊन सुपारी देतात, आणि मग एका रात्री गावाबाहेरच्या रानात ढोलकी घुमू लागते. गण होतो, गौळण होते, बतावणी होते, आणि वगात राजा सिंहासनावर बसला की त्याच्या पुढ्यात सोंगाड्या येऊन उभा राहतो.

या सोंगाड्याचे काम काय? तो राजाला मुजरा करतो, आणि मुजरा करता करता राजाची अब्रू काढतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. दुसऱ्या दिवशी मात्र गावचा कारभार पूर्वीसारखाच चालतो. मग प्रश्न असा उभा राहतो, की या हसण्याचा उपयोग काय? चांगली चाल आणि चांगली थट्टा एकत्र आली, की माणूस जागा होतो, की उलट त्या गोड चालीवर त्याला डुलकी लागते?

हा प्रश्न आपल्या जत्रेपुरता नाही. लंडन, बर्लिन आणि पुणे या तीन शहरांत, अडीचशे वर्षांच्या अवधीत, एकच कथा तीन वेळा नव्या गाण्यांनिशी रंगभूमीवर आली आणि तिन्ही वेळा तिच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. तिसऱ्या खेपेचा दिग्दर्शक तर आपल्या दौंडचा डॉक्टर होता. म्हणून ही हकीकत आपण मुळापासून पाहू.

पहिली खेप १७२८ सालची. त्या वर्षी २९ जानेवारीला लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स येथील नाटकगृहात जॉन गे या कवीचे 'द बेगर्स ऑपेरा', म्हणजे भिकाऱ्याचे संगीत नाटक, प्रथम रंगले. त्या काळी लंडनच्या बड्या लोकांत इटालियन संगीतिकांचे फार वेड होते. भाषा कळो न कळो, राजेराण्यांच्या आणि देवदेवतांच्या गोष्टी, आणि गाणाऱ्यांचे भारी पगार! गे हा तेव्हा काही नवशिक्या नव्हता. चाळिशी ओलांडलेला, नाव मिळवलेला कवी होता. त्याने काय करावे? त्याने राजेराण्यांच्या जागी चोर, दरोडेखोर, तुरुंगाचा जेलर आणि चोरीचा माल घेणारा व्यापारी असे लोक आणून बसवले, आणि त्यांच्या तोंडी रस्त्यावरच्या, सर्वांच्या ओळखीच्या चाली दिल्या. एकूण गाणी ६९. छापील पुस्तकात प्रत्येक गाण्याच्या वर, हे अमुक जुन्या चालीवर म्हणावे, अशी सूचना होती.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या प्रती उघडून पाहा. प्रत्येक पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून पुढे त्या काळी लोकांच्या ओठांवर असलेल्या एखाद्या पदाचे नाव दिलेले असते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले, तेही ओळखीच्या चालींच्याच पाठीवर बसून. चाल जुनी असली म्हणजे ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष नव्या शब्दांकडे जाते. आणि जुन्या चालीत पूर्वी काय म्हटले होते हे त्याला आठवत असल्यामुळे नव्या शब्दांतली थट्टा दुप्पट लागते.

गेच्या थट्टेचा रोख कोणावर होता? पीचम नावाचे त्याचे पात्र चोरांकडून माल घेते, आणि चोर कामातून गेला की त्यालाच सरकारच्या हवाली करून बक्षीस मिळवते. लंडनला हा माणूस कोण ते सांगावे लागले नाही. जोनाथन वाइल्ड नावाच्या एका बड्या धेंडाने नेमका हाच धंदा केला होता आणि १७२५ मध्ये तो फासावर गेला होता. पण नाटक तेवढ्यावर थांबत नव्हते. पीचमचे हिशेब, त्याची देवघेव आणि त्याची गोड भाषा ऐकून प्रेक्षकांना त्या वेळचा सर्वात बलाढ्य मंत्री रॉबर्ट वॉलपोल आठवत होता. लहान चोर फासावर जातो आणि मोठा चोर दरबारात बसतो, एवढाच त्या नाटकाचा सारांश.

पहिल्या हंगामात नाटकाचे ६२ प्रयोग झाले. त्या काळी ही संख्या अचाट होती. नाटकगृहाचा मालक होता जॉन रिच. इंग्रजीत 'रिच' म्हणजे श्रीमंत, आणि 'गे' या शब्दाचा तेव्हाचा अर्थ आनंदी. तेव्हा लंडनकर म्हणू लागले, की या नाटकाने गे रिच झाला आणि रिच गे झाला! सरकारला मात्र ही मौज रुचली नाही. गेने पुढचा भाग 'पॉली' या नावाने लिहिला, तेव्हा १७२८ च्या डिसेंबरातच त्याच्या प्रयोगाला मनाई झाली. गेने ते पुस्तक म्हणून छापले, आणि मनाईची जाहिरात आयतीच झालेली असल्यामुळे त्यावरही पैसे मिळवले. पण वॉलपोल पुढेही बरीच वर्षे सत्तेवर राहिला. ही पहिल्या खेपेची जमाखर्चाची बाजू ध्यानात ठेवा.

दुसरी खेप बरोबर दोनशे वर्षांनी, बर्लिनला. १९२० नंतर लंडनमध्ये गेचे नाटक पुन्हा धडाक्याने चालले होते. त्याची वार्ता जर्मनीत पोचली. एलिझाबेथ हाउप्टमान या बाईंनी त्याचे जर्मन भाषांतर केले, बर्टोल्ट ब्रेख्ट या तरुण कवीने ते हाती घेऊन उलटेपालटे केले, आणि कुर्ट वाइल याने त्याला नवे संगीत दिले. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी हा 'थ्री पेनी ऑपेरा' प्रथम झाला. वाइल हा शास्त्रोक्त संगीतात मुरलेला माणूस. तरी त्याने इथे मोठा वाद्यवृंद घेतला नाही. सात वादकांचा ताफा, त्यात सॅक्सोफोन, बँजो, आणि आपल्याला ऐकून बरे वाटेल, हार्मोनियमसुद्धा! नाचघरातले जॅझचे ठेके, चर्चमधल्या प्रार्थनेची चाल आणि जत्रेतल्या भटक्या गायकाचे खुनाचे पवाडे हे सारे त्याने एका ताटात वाढले.

ब्रेख्टचा पीचम हा भिकाऱ्यांचा ठेकेदार आहे. कुणी कुठल्या नाक्यावर भीक मागायची, त्यासाठी लंगडा पाय लावायचा की आंधळ्याची काठी धरायची, हे तो ठरवतो, त्याचे सामान भाड्याने देतो आणि मिळकतीतला हिस्सा घेतो. माणसाच्या दयेचाही बाजार मांडता येतो, हे ब्रेख्टला दाखवायचे होते. आणि ते ऐकायला कोण आले? ज्यांच्यावर हे नाटक होते तेच खिसेभरू लोक! त्यांनी ती गाणी डोक्यावर घेतली आणि गुणगुणत घरी गेले. पाच वर्षांच्या आत हिटलर सत्तेवर आला. १९३३ मध्ये ब्रेख्ट आणि वाइल या दोघांनाही देश सोडावा लागला. पुढे याच नाटकातले, एका खुन्याच्या गुन्ह्यांची यादी देणारे गाणे अमेरिकेत गेले. १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने आणि १९५९ मध्ये बॉबी डॅरिनने ते इतके लोकप्रिय केले, की मेजवानीत लोक त्यावर नाचू लागले. सुरी मखमलीच्या म्यानात गेली म्हणायची!

आता आपण आपल्या मुलखात येऊ. हिंदुस्थानात या नाटकाची वाट मोकळी झालीच होती. कलकत्त्याच्या 'नांदीकार' संस्थेने १९६९ मध्ये त्याचा बंगाली अवतार केला होता. मराठीत ते यायला आणखी काही वर्षे लागली, आणि त्या वर्षांत पुष्कळ घडामोडी झाल्या. १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' पुण्यात आले. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर. त्यावर वादळ उठले, प्रयोग थांबले, आणि त्या मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' ही आपली संस्था काढली. जब्बार पटेल हे पंढरपूरचे, विद्येने बालरोगतज्ज्ञ, आणि दवाखाना दौंडला. दिवसा मुलांचे ताप-खोकले पाहणारा हा माणूस नाटकासाठी पुण्याची वाट धरी. त्यांचा 'सामना' हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. साखर कारखान्याच्या सत्ताधीशाला एक फाटका मास्तर प्रश्न विचारतो, ही त्या चित्रपटाची गोष्ट. सोंगाड्या आणि राजा यांचीच ती जोडी, फक्त हसू वजा केलेले.

याच मंडळींसाठी पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. तो १९७८ मध्ये रंगभूमीवर आला. पु. लं.ची ओळख करून द्यायला नको. विनोदी लेखक, नट, संगीत दिग्दर्शक, काही काळ आकाशवाणीतले अधिकारी, आणि शॉच्या नाटकाला 'ती फुलराणी' करून १९७५ मध्ये मराठी नेसवणारे. वय तेव्हा साठीला टेकलेले. पण आणखी एक गोष्ट विसरू नये. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळानंतर, १९७७ च्या निवडणुकीत हा हसवणारा माणूस जाहीर सभांतून सरकारच्या विरोधात बोलला होता. मोठ्या आवाजातल्या सत्यापुढे हसू पुरे पडते का, याचा विचार त्यांनी केला नसेल असे म्हणता येत नाही. त्यानंतर वर्षभरात त्यांनी चोर-कोतवालांच्या संगनमताचे हे नाटक रंगमंचावर दिले.

नावातच पाहा ना. 'तीन पैसे' हे त्या वेळी नुसते शब्द नव्हते. १९६४ पासून ॲल्युमिनियमचे सहा कोपऱ्यांचे, हलके, तीन पैशांचे नाणे आपल्या खिशात खुळखुळत होते. आणि 'तमाशा' म्हणजे वगही, आणि चव्हाट्यावर झालेली फजितीही. ब्रेख्टला हवे होते, की प्रेक्षकाने नाटकात गुंगून न जाता, हे नाटक आहे याचे भान ठेवून विचार करावा. त्यासाठी युरोपला मोठी खटपट करावी लागली. आपल्या तमाशात ती सोय पिढ्यानपिढ्या आहे. सोंगाड्या वगाच्या मधोमध थांबून तुमच्याशी बोलतो, ढोलकीवाल्याला टोमणा मारतो, आणि पुन्हा गोष्टीत शिरतो. एका फेरीत मुंबई येते, दुसऱ्या फेरीत काशी. पु. लं.नी ब्रेख्टला जत्रेत आणले असे म्हणण्यापेक्षा, तो जत्रेतून गेलेला माणूस परत घरी आला असे म्हणणे अधिक बरे.

पण या नाटकात ढोलकीबरोबर आणखी काही वाजत होते, आणि तेच आजच्या हकीकतीचे मर्म आहे. त्यात नाट्यसंगीत होते, लावणी होती आणि त्यांच्या शेजारी चक्क पाश्चात्त्य पॉप-रॉक होते. हे रॉक गाणारे नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे या नटदांपत्याचे चिरंजीव. १९७४ मध्ये मुंबईत ॲलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या इंग्रजी संगीतिकेत त्यांनी ज्युडासची भूमिका गायली होती. गिटारच्या सुरावर मराठी शब्द ठेवायचे, हे काम दिसते तितके सोपे नाही.

का सोपे नाही, ते थोडे समजून घेऊ. लावणीचा केरवा किंवा धुमाळी आठ मात्रांची. रॉकचा ठेकाही चारच्या पटीतला. मोजणीत भांडण नाही. भांडण आहे ते जोराचे. आपण समेवर येतो आणि मान हलवतो. रॉकचा ढोल दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर दणका देतो. शिवाय आपल्या पदांत शेवटचा 'अ' लांबवायची रीत आहे; 'चोर' हा शब्द गायकाच्या तोंडी 'चोर अ' होऊन आलापात वाहत जातो. बोलताना मात्र आपण तो अ टाकून देतो आणि 'चोर्' म्हणतो. घर, पोट, हात, चोर, नोट असे कितीतरी शब्द बोलण्यात व्यंजनावर खटकन थांबतात. रॉकच्या ठोक्याला हेच शब्द हवेत. म्हणजे परक्या वाटणाऱ्या या चालीने मराठीला परके केले नाही. उलट नाट्यपदापेक्षा ती नाक्यावर बोलल्या जाणाऱ्या मराठीच्या अधिक जवळ गेली. आणि मौज अशी की, नाट्यपद ऐकताना आपली मान आदराने खाली जाते, लावणीला दाद जाते, आणि गिटार वाजली की नव्या शहरातला उनाड पोरगा डोळ्यांपुढे उभा राहतो. कोण बोलतो आहे, हे शब्दांच्या आधी चालच सांगते. गेने ओळखीच्या चाली घेतल्या, वाइलने जॅझ घेतला आणि पुण्याने रॉक घेतला, त्या तिघांचे कारण एकच. थट्टा नेमकी लागायची तर सोंग नेमके वठले पाहिजे.

आणि पाहा, त्याच १९७८ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये काय चालले होते. तिथे 'न्यू वेव्ह', म्हणजे नवी लाट, या नावाने ओळखले जाणारे रॉक संगीत उसळले होते. लांबलचक, भव्य गाण्यांना कंटाळलेली मंडळी तीन-तीन मिनिटांची, खमंग, चटकदार गाणी करू लागली होती. त्यांच्यात निक लो नावाचा गीतकार होता. तोही नवखा नव्हता. कित्येक वर्षे एका बँडसाठी गाणी लिहून झालेली, दुसऱ्यांच्या तबकड्यांची निर्मिती करून झालेली. एल्विस कॉस्टेलोच्या पहिल्या तबकड्या त्याच्याच हाताखालून गेल्या. त्याने आपली स्वतःची पहिली मोठी तबकडी काढली, 'जीझस ऑफ कूल'. अमेरिकेत ती निराळ्या, सौम्य नावाने विकली गेली. तिच्या वेष्टनावर सहा छायाचित्रे होती, आणि सहाही त्याचीच, रॉकवाल्यांच्या सहा निरनिराळ्या सोंगांत! आत गाणीही तशीच, दर गाण्याला नवी तऱ्हा. आणि थट्टा कोणाची? तबकड्या विकणाऱ्या धंद्याची, म्हणजे ज्यावर त्याचे पोट होते त्याचीच. पु. ल. आणि निक लो यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. पण हातखंडा असलेला गीतकार नवी चाल उचलतो तेव्हा ती फॅशन म्हणूनच उचलतो असे नाही, तर जुन्या चालीत जे बोलता येत नाही ते बोलायला उचलतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

आता मुळच्या प्रश्नाकडे वळू. 'तीन पैशाचा तमाशा' बघून पुणेकर हसले. पण ब्रेख्टची धार पु. लं.च्या विनोदाने बोथट केली, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही. गोड चाल ही दुधारी वस्तू आहे. ती कडू गोळी घशाखाली उतरवते, आणि कधी कधी गोळी बाजूला ठेवून नुसते मधाचे बोटच चाटायची सवय लावते. वॉलपोल पडला नाही. हिटलर थांबला नाही. गाण्याने राज्य उलथते असे ज्याला वाटते त्याने ही अडीचशे वर्षे पुन्हा वाचावीत.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गाणे निरुपद्रवी असते, तर 'पॉली'वर मनाई कशाला आली असती? नाझी राजवटीत वाइलच्या संगीतावर बंदी कशाला आली असती? 'घाशीराम'चे प्रयोग कशाला अडले असते? ज्यांच्यावर थट्टा होते त्यांना तिची किंमत कळते. ती आपल्यालाच कळत नाही. थट्टेचे गाणे चोराला पकडत नाही, हे खरे. पण 'चोर कोण आणि कोतवाल कोण' हा प्रश्न ते चालीत बांधून ठेवते, आणि चालीत बांधलेली गोष्ट पन्नास वर्षांनीही आठवते. भाषण विसरते, अग्रलेख रद्दीत जातो, चाल राहते. पुढच्या पिढीला जेव्हा तो प्रश्न विचारायची पाळी येते, तेव्हा तिला तो नव्याने शोधावा लागत नाही. १७२८ चा प्रश्न १९२८ ला आणि १९२८ चा १९७८ ला तयार मिळाला, तो असाच.

आज कारेगावच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतून आलेली मुले खोल्या करून राहतात, पाळीवर जातात. ठेकेदार हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पीचमचा धंदा ब्रेख्टने कल्पनेने रंगवला. माणसे भाड्याने देणे-घेणे म्हणजे काय, हे इथला वाचक त्याच्यापेक्षा जवळून पाहतो. अशा गावात जत्रा येते तेव्हा पंचांत वाद होतो, तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा, ढोलकी की डीजे. तमाशातसुद्धा सिनेमाच्या गाण्यांची फर्माइश वाढली आहे आणि वग आखडत चालला आहे. पुष्कळ जुनी माणसे म्हणतात, नव्या वाद्यांनी तमाशा बिघडवला.

वर सांगितलेली हकीकत ध्यानात घेतली, तर वाद्यांवर राग काढायचे कारण उरत नाही. गिटार आली म्हणून पु. लं.चा तमाशा बिघडला नाही, आणि सॅक्सोफोन आला म्हणून वाइलचा ऑपेरा बिघडला नाही. काळजी करायची ती निराळ्या गोष्टीची. गाणी वाढली आणि सोंगाड्याचा वेळ कमी झाला, तर राजाशी बोलणार कोण? तेव्हा वाचकहो, पुढच्या जत्रेची सुपारी द्यायला जाल तेव्हा फडमालकाला गाणी किती ते जरूर विचारा, नवी चाल असेल तर तीही आनंदाने ऐका. पण त्याबरोबर वग कोणता आहे आणि सोंगाड्या कोण आहे, हेही विचारायला विसरू नका. आणि पंचांपैकी कुणी म्हणालेच, की वग थोडा आटपता घ्या, तर तो का आटपता घ्यायचा, तेही तिथल्या तिथे विचारून घ्या.